दिवसाआड खरं ठरलेलं वाक्य

डॉक्टरांनी माझी जीभ पाहिली, नाडी पाहिली, डाव्या बरगडीखाली बोटं रुतवली. मग माझ्या खिशातली वही मागून घेतली. निदान त्या वहीतून झालं.

वही श्रद्धेची होती. रोज पहाटे आणि झोपताना पन्नास वेळा मी एक वाक्य म्हणत असे : ‘मी निरोगी आहे, रोग माझ्याजवळ येऊ शकत नाही.’ मन किती लागलं, त्या दिवशी ताप आला की नाही, आला तर किती वाजता, हे तिच्यात लिहीत होतो. सोमवार : मन ढळले, ताप. मंगळवार : पूर्ण श्रद्धा, ताप नाही. बुधवार : मन ढळले, ताप. अशी तीन आठवड्यांची पानं.

डॉक्टरांनी ती शांतपणे उलटली आणि विचारलं, “तुमची श्रद्धा बरोबर दिवसाआड ढळते का हो? आणि तीही दुपारी दोनलाच?”

मी वाकून वहीतले वार पुन्हा पाहिले.

“हा टर्शियन मलेरिया,” ते म्हणाले. म्हणजे दिवसाआड येणारा हिवताप, आपली तिजारी. “वही छान ठेवलीत. आमच्या नर्ससुद्धा इतका नेटका तक्ता ठेवत नाहीत. फक्त कारण चुकीचं लिहिलंत.”

हे लिहितोय ते तुमच्यापैकी ज्यांच्या हातात एखादं वाक्य देऊन कुणी औषध काढून घेतलं असेल त्यांच्यासाठी. मी असल्या वाक्यांची पत्रकं छापलेली आहेत. तेव्हा मला अडाणी म्हणून सोडून देता येणार नाही.

आमच्या नंदुरबारात शाळेच्या पडवीत एक आत्मसूचना वर्ग चालतो. आत्मसूचना म्हणजे स्वतःच स्वतःला सांगून मन बळकट करणं. चालवणारे गुरुजी आमचे जुने शिक्षक. त्यांनी आम्हाला पहाटे उठायला शिकवलं, गांधी टोपी घालायला शिकवलं, फौजदारासमोर नजर न झुकवता उभं राहायला शिकवलं. त्यांच्या वाक्यांनी माझी सभेतली भीती गेली, हे मी आजही नाकारत नाही. म्हणून ते म्हणाले की रोगही असाच जातो, तर मी मानलं. औषध घेणं म्हणजे मनातली शंका कबूल करणं, असं ते सांगत. मी त्याचं पत्रक केलं आणि वर एक ओळ स्वतःची टाकली : ‘औषधाची पुडी ही मनाने रोगाला लिहून दिलेली शरणचिठ्ठी होय.’ ती ओळ मला फार आवडली होती. धानोऱ्याच्या बाजारात मी ती ओरडून वाचली.

भाद्रपद लागता लागता मला पहिलं हीव भरलं. मी मिरचीच्या आडतीवर कारकुनी करतो. दुपारी अंग असं कापायला लागलं की कोपऱ्यातल्या रिकाम्या गोण्या ओढून अंगावर घेतल्या. गोण्यांतल्या बारीक तिखटाने डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि दात वाजतायत. शेठजी म्हणाले, “भाऊ, फोडणी द्यायची बाकी राहिलीय तुला.” मग तास दोन तास जाळ, मग घाम, मग झोप.

दुसऱ्या दिवशी मी ठणठणीत. आणि इथेच मी फसलो. माझं वाक्य खरं ठरलं होतं.

तिसऱ्या दिवशी ताप परत आला तेव्हा गुरुजींनी विचारलं, “म्हणताना मन कुठे होतं?” मन कुठेतरी होतंच. माणसाचं मन असतंच कुठेतरी. मी मान खाली घातली. ताप आला की गुन्हा माझा आणि नाही आला की विजय वाक्याचा, हा हिशेब तीन आठवडे चालला. वही ठेवायला गुरुजींनीच सांगितलं होतं.

माझ्या मायला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ती म्हणाली, “हाई तर तिजारी शे. ताप तुन्हं वाक्य आयकस का रे भाऊ? तो वार पाहीसन येस.” मी तिला म्हणालो, तुला यातलं कळत नाही. माझ्या मायला, जिने दोन भाऊ हिवतापात गमावलेत. ती चूल फुंकत राहिली.

शेवटी आडतीच्या पायरीवर चक्कर येऊन पडलो. शेठजींनी गाडीत घालून सरकारी दवाखान्यात आणलं.

तपासण्या दोनच झाल्या. पहिली स्प्लीनची. स्प्लीन म्हणजे पानथरी, डाव्या बरगडीखालचा अवयव, एरवी हाताला लागत नाही. माझी चार बोटं खाली आली होती. “इथे मार लागू देऊ नका,” डॉक्टर म्हणाले, “फुटली तर आम्ही काही करू शकणार नाही.” मिरवणुकीत लाठी खायला तयार असलेला मी, ते ऐकून पोटावर हात धरून बसलो.

दुसरी ब्लड स्मिअर, म्हणजे बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. आमच्याकडे तो नव्हता, काच धुळ्याला गेली. उत्तराची वाट न पाहता डॉक्टरांनी क्विनीन सुरू केलं. क्विनीन म्हणजे आपलं कोयनेल. इतकं कडू की गिळल्यावरही जीभ तोंडात परकी वाटते. दोन दिवसांनी कानात घंटा वाजायला लागली. ती औषधाची असते, घाबरू नये.

दवाखान्याच्या ओसरीवर आम्ही सगळे रांगेने बसायचो. डोंगरातून उतरून आलेले भिल्ल, प्रकाशा गावाकडचे गुजर शेतकरी, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. कुणी कुणाला विचारत नव्हतं की तुझं मन कुठे होतं.

कोयनेल सुरू झाल्यावर तापाच्या दुसऱ्या पाळीला हीव नुसतं अंगावरून फिरून गेलं. तिसऱ्या पाळीला दुपारचे दोन वाजले, तीन वाजले, चार वाजले, आणि काही झालं नाही. मी ओसरीच्या खांबाला टेकून बसून राहिलो. रडलो असेन.

त्याच दिवशी दवाखान्यातला साठा संपला. कंपाउंडरने सांगितलं, टपालकचेरीत सरकारी कोयनेलच्या पुड्या मिळतात, तिथून आणा. मी गेलो. खिडकीतला टपालबाबू ओळखीचा. त्याने फळीवरून पुड्या काढता काढता विचारलं, “गुरुजींसाठी का?”

“कोणत्या गुरुजींसाठी?”

“तुमच्या वर्गाच्या. दर पावसाळ्यात नेतात ते. परवाच नेल्या, म्हटलं कमी पडल्या असतील.”

मी तिथून सरळ पडवीत गेलो. गुरुजी एकटेच होते, चटया झटकत होते. मी विचारलं, “तुम्ही कोयनेल घेता?”

त्यांनी खोटं सांगितलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने लिहितो. चटई खाली ठेवून म्हणाले, “मी अंथरुणाला खिळलो तर वर्ग कोण चालवेल?”

“आणि मी खिळलो तर?”

“तू तरुण आहेस. अरे, मी घेतो असं सांगितलं तर ह्या लोकांची वाक्यावरची निष्ठा राहील का? निष्ठा टिकवावी लागते.”

म्हणजे त्यांच्या अंगात कोयनेल आणि माझ्या अंगात निष्ठा. ज्या माणसाने मला फौजदाराच्या डोळ्यांत बघायला शिकवलं, तो माझ्या डोळ्यांत बघत नव्हता. माझी वही त्यांनी दर शनिवारी तपासली होती. दिवसाआडचा ताप त्यांना ओळखता आला नाही, हे मी कसं मानू? ते तर दर पावसाळ्यात त्याचंच औषध नेत होते.

मी आणखी बोललो असतो. पण तेवढ्यात मला सुकलाल आठवला.

सुकलाल माझा शाळेपासूनचा मित्र, धानोऱ्याला त्याची कापसाची शेती. माझी पत्रकं तोच वाटायचा. त्यालाही हीव भरत होतं, हे मला ठाऊक होतं. मीच त्याला लिहिलं होतं, मन घट्ट ठेव.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुड्या घेऊन निघालो. सुकलाल खाटेवर होता. डोळे पिवळे, ओठ पांढरे. त्याच्या बायकोने सांगितलं की दवाखान्यातून आणलेलं कोयनेल त्याने आधीच उकिरड्यावर टाकलं. का, ते मी विचारलं नाही. पत्रक भिंतीला चिकटवलेलं होतं.

मी पुडी पुढे केली. त्याने तोंड फिरवलं.

“तूच सांगं व्हतं ना, हाई शरणचिठ्ठी शे म्हनीसन?”

“मी चुकीचं सांगितलं.”

“मंग आते खरं सांगस, हाई कशावरून?”

मी त्याला तिजारीचं सगळं सांगितलं, गुरुजींचं सांगितलं. तो ऐकत होता, पण डोळे मिटून. बोलण्यात मी कधी हरलो नव्हतो. त्या खाटेपाशी माझ्या एकाही वाक्याला वजन नव्हतं, आणि त्याच्या बायकोला ते माझ्या आधी कळलं. ती म्हणाली, “भाऊ, तुम्हीन बी तेच लेतस ना? मंग आठेच ल्या, यासना समोर.”

मी तिथेच, त्याच्यासमोर घेतली. सुकलालने डोळे उघडले. “तोंड उघाडीसन दाखाड,” म्हणाला. मी दाखवलं. मग त्याने आपली घेतली.

कोयनेलची माझी मुदत संपली, तरी त्याची संपेपर्यंत मी धानोऱ्यालाच राहिलो. ताप गेल्यावर कोयनेल चालू ठेवणं हेच अवघड. डॉक्टर म्हणाले होते, “अंग हलकं वाटलं की लोक पुडी फेकतात आणि महिन्याने परत येतात. तुमचं मनोबल तिथे वापरा.” म्हणून मी नवं वाक्य केलं. पन्नास वेळा नाही, चूळ भरताना एकदाच, आणि घरच्या बोलीत : ताप नही, तरी कोयनेल लेसू, म्हणजे घेईन. संध्याकाळपर्यंत ते खरं झालं की नाही हे कुणालाही तपासता येतं. ज्याची अशी तपासणी होत नाही, ते वाक्य रोज म्हणू नका.

वर्ग अजून चालतो. गुरुजींच्या विरोधात मी पत्रक काढलं, त्यात माझी ती ओळही माझ्या नावाने छापली. अर्ध्या मित्रांनी बोलणं टाकलं. दवाखान्याच्या डॉक्टरांचा मी ऋणी आहे, सुकलालच्या बायकोचा त्याहून जास्त. मायला मी अजून नीट काही म्हणू शकलेलो नाही.

सुकलाल वाचला. दिवाळीत कापूस वेचायला उभा राहिला. पण त्या मुदतीत एकही दिवस त्याने मला तपासल्याशिवाय सोडलं नाही. माझी मुदत संपल्यावरसुद्धा, त्याची पुडी त्याच्या हातात आणि नजर माझ्यावर. मी साधं पाणी प्यायलो तरी तो म्हणायचा, “तोंड उघाड.” मी उघडायचो.