नालबंदाच्या रक्तातला हिरवा रंग

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास आम्ही नगरला दवाखाना थाटला. माझे यजमान नुकतेच डॉक्टर झालेले आणि मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. दवाखान्यामागच्या खोलीत एक लाकडी टेबल, स्पिरिटचा दिवा आणि काचेच्या नळ्या, एवढीच आमची प्रयोगशाळा. लघवीतली साखर तपासून तपासून मी कंटाळले होते. काहीतरी नवं करायला हात शिवशिवत होते.

त्या हिवाळ्यात केडगावचे एक नालबंद आमच्याकडे आले. टांग्याच्या घोड्यांना आणि बाजारच्या बैलांना नाल ठोकायचं त्यांचं काम. आम्ही त्यांना चाचा म्हणू लागलो. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, दंड भरलेले. पण हातोडा उचलला की छातीवर कुणीतरी धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं.

"बसलं की जातं, साहेब. कामाला लागलं की पुन्हा हाजर," ते म्हणाले.

ह्यांनी त्यांना उजेडात बसवलं. पापण्यांवर नाकाच्या बाजूला पिवळसर चट्टे होते आणि बोटांच्या पेरांवर टणक गाठी.

"ह्या कशाच्या?"

"हातोड्याच्या, दुसरं काय! आमच्या अब्बालाबी हुत्या. ते बी नालबंदच. माझ्याच वयात गेले, छातीत कळ येऊन."

ह्यांनी गाठी दाबून पाहिल्या. तेवढ्यात चाचांची मुलगी त्यांना घ्यायला आली. सतरा-अठराची असेल. उंबऱ्याशी चपला काढायला ती वाकली आणि माझी नजर तिच्या टाचेवर गेली. टाचेमागची दोरीसारखी शीर जाडजूड झाली होती, मधेच फुगलेली. मी तिला आत नेलं, हात दाखव म्हटलं. पेरांवर त्याच गाठी!

"तू कधी हातोडा मारतेस का गं?"

ती हसायलाच लागली. "मी? मी तर भाकऱ्या थापते."

मी तशीच पळत बाहेर गेले. "अहो, आधी इकडे या!"

ह्यांनी तिचे हात पाहिले, टाचा पाहिल्या आणि त्यांचा आवाजच बदलला. अशा गाठी आणि लहान वयात हृदयाचं दुखणं एकाच घराण्यात पिढ्यानपिढ्या चालतं, असं त्यांनी एका परदेशी मासिकात वाचलं होतं. रक्तात कोलेस्टेरॉल नावाचा मेणासारखा पदार्थ असतो. तो शरीराला लागतोच, पण फार वाढला तर कातडीखाली साचतो आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांच्या आतूनही साचतो.

"तपासता येईल?" मी विचारलं.

"रसायनशास्त्र कुणाचं, माझं की तुझं?"

ह्यांनी चाचांचं आणि मुलीचं रक्त काढलं, ताडून पाहायला आमच्या दोघांचंही, आणि मी पुस्तक काढलं. रक्तातली चरबी वेगळी करायची, क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायची, मग त्यात दोन तीव्र आम्लद्रव्यं जपून घालायची. कोलेस्टेरॉल जितकं जास्त तितका हिरवा रंग गडद. पहिल्या खेपेला सगळ्या नळ्यांत नुसता तपकिरी गाळ झाला. मला रडू यायचं बाकी होतं. मग लक्षात आलं, नळ्या ओलसर राहिल्या होत्या. पाण्याचा एक थेंबही ह्या तपासणीला चालत नाही. दुसऱ्या खेपेला मी एकेक नळी दिव्यावर खडखडीत वाळवली.

आधी जांभळट छटा आली, मग निळसर, आणि मग हिरवा रंग चढू लागला! माझ्या आणि ह्यांच्या रक्ताचा पोपटी, कोवळ्या पानासारखा. चाचांचा मात्र जून कडुलिंबासारखा, आणि मुलीचा त्याच्या खालोखाल. आम्ही नळ्या खिडकीत धरून वेड्यासारखे बघत राहिलो.

ह्यांनी चाचांना निरोप धाडला, सगळ्यांना घेऊन या. टांगा भरून घर आलं. चाची आणि दोन्ही मुलगे रक्त देऊन ओट्यावर बसले. तिघांच्याही नळ्या पोपटी निघाल्या.

"म्हंजे पोरांना न्हाई हे?" चाचांनी दोनदा विचारलं.

"नाही. मुलग्यांना नाही."

चाचींनी पदर तोंडाला लावला. मुलगी मात्र सरळ ह्यांच्याकडे बघत होती. "आणि मला हाय. मी पण अब्बांच्या अब्बांसारखी जानार?"

"तुझ्या अब्बांना कळलं ते छाती दुखल्यावर. तुला आधीच कळलंय," हे म्हणाले. "बायकांना हे उशिरा गाठतं. तूप, भेजा, चरबीचं खाणं आजपासून कमी. आणि दर वर्षी मला दाखवून जायचं."

चाचांनी अवजड काम मुलग्यांवर सोपवलं. ह्यांनी त्यांना कळ आली की जिभेखाली ठेवायच्या बारीक गोळ्या दिल्या. एकदा बाजारात भर दुपारी कळ आली तेव्हा चाचांनी एका दुकानाच्या पायरीवर बसून गोळी जिभेखाली धरली. दुसऱ्या दिवशी ते खास सांगायला आले.

"बेटी, नाल ठोकताना पाठीवर रेललेला घोडा सरकावा तसं हलकं वाटलं बघ! लोक म्हनत हुते, उचला ह्याला. मी म्हनलं, सरका, मी चालत जातो!"

त्यानंतर बरीच वर्षं ते होते. आपल्या अब्बांपेक्षा खूप जास्त जगले, नातवंडं खेळवली आणि एका पहाटे झोपेतच गेले.

हे कोलेस्टेरॉल मुख्यतः आपलं यकृतच बनवतं आणि रक्तातून परत ओढून घेणंही त्याचंच काम, ही ओढून घेण्याची ताकदच काही घराण्यांत जन्मतः उणी असते, हे फार पुढे कळलं. तेव्हा मुलीला तुपाविना कोरडी भाकरी खायला लावणारे आम्ही किती थोडं जाणत होतो! तरी तिने पथ्य सोडलं नाही. साठी ओलांडल्यावर ती पेरांवर त्याच गाठी असलेल्या आपल्या मुलीला घेऊन आली, तेव्हा रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या नव्या औषधाच्या गोळ्या निघाल्या होत्या. मायलेकी दोघींनी त्या त्याच दिवशी सुरू केल्या.