भरल्या अंगाची विहीण

अंगणवाडीत बसल्या जागेवरून उठायचं म्हटलं की शिला आधी मदतनीस जिवनबाईला हाक मारायची. लेकरांसोबत गाणी म्हणायला जमिनीवर बसायची ती एकटी. पण उठताना जिवनबाई काखेत हात घालून तिला वर ओढायची. एकदा ओढता ओढता जिवनबाईच तिच्या अंगावर कोसळली. लेकरांनी टाळ्या पिटल्या. शिलाही हसली, आणि घरी येऊन गुडघ्यांना तेल चोळताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घरात कुणी काही विचारलं नाही. सासू द्वारकाबाई तेवढी म्हणाली, "तेलाचे हात भिंतीला पुसू नको."

हिंगोलीच्या डॉक्टरनं एक्स-रे उजेडात धरून सांगितलं, वजन उतरवा, नाहीतर थोड्या वर्षांनी जमिनीवर बसणं विसरा. जमिनीवर बसता न येणारी अंगणवाडी सेविका काय कामाची? चालायला गेलं की गुडघे दुखायचे. डॉक्टर म्हणाला, मग सायकलवर जा कामाला.

सायकल घरातच होती. मुलगी वैष्णवी आठवीत असताना शाळेतून मिळालेली. वैष्णवी कॉलेजला एसटीनं जायला लागली तेव्हापासून ती गोठ्यात उभी होती आणि तिच्यावर कोंबड्या बसत. शिलानं एका रविवारी सीटवरची वाळलेली घाण सुरीनं खरवडून काढली, दोन्ही टायर बदलून आणले आणि सोमवारी शिरड शहापूरहून पलीकडच्या वाडीतल्या अंगणवाडीकडं निघाली. एरवी ती ऑटोत, मांडीवर कुणाचं तरी पोरगं घेऊन जायची.

पारावर बसलेल्यांना आयती करमणूक झाली.

"बाई, ट्यूब फुटंल की!"

"फुटली तर तुला बोलावते फुगवायला," शिला न थांबता म्हणाली. "तुला बसल्या बसल्या फुगायची सवय हाय."

पहिले काही दिवस ती चढावर उतरून सायकल ढकलायची. मग अर्ध्या चढापर्यंत जायला लागली. दिवाळी झाली, संक्रांत झाली. आणि एका दुपारी लेकरांची गाणी संपवून ती भिंतीलासुद्धा हात न लावता उभी राहिली. जिवनबाई काखेत घालायला दोन्ही हात पुढं करून आली होती, ती तशीच उभी.

"बाई, मी आता काय करू?"

"खिचडी बघ. करपून राहिली."

घरात हे कुणाला दिसलं नाही. शिलाचा नवरा विश्वंभर शेत बघून गावात कापसाच्या आडतीवर हिशेबाला बसायचा. त्याला बायकोचा चहा दिसायचा, चहा देणारी बाई दिसायची नाही. द्वारकाबाईला मात्र सैल पडलेले ब्लाउज दिसले. "गळ्याची हाडं दिसून राहिली तुझ्या. लोकं म्हणतील सासू खाऊ देत न्हाई."

अशात वैष्णवीला स्थळ आलं. वारंगा फाट्याकडचे उकंडराव, त्यांचा मुलगा हरीश, खता-बियाण्याचं दुकान. मुलगी पाहून झाली, पसंत पडली. वैष्णवीलाही हरीश आवडला होता; तिनं केसांचं वळण बदललं, त्यावरून शिलानं ओळखलं. मग मध्यस्थाकडून निरोप आला. मुलीत नाव ठेवायला जागा न्हाई. पण मुलीच्या आईला काय झालंय? मागच्या वर्षी एका लग्नात पाहिली तेव्हा बाई अंगानं भरलेली होती. आता निम्मी झाली. काही रोग असला तर आत्ताच सांगा, उद्या पोरीत उतरायला नको.

विश्वंभरनं निरोप ऐकला आणि पहिल्यांदा बायकोकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाजारात जनावर पाहतात तसं.

"सायकल बंद," तो म्हणाला.

"काहून? सांगा की त्यांना, सायकलीनं वजन उतरलं म्हणून."

"आन् त्यांना काय वाटंल? ह्यांच्या घरात ऑटोला द्यायला पैसे न्हाईत, बाईमाणूस सायकल मारून राहिलं. रोगी म्हणवून घ्यायचं का भिकारी?"

"माझे गुडघे..."

"गुडघे पळून चालले का कुठं? आधी पोरीचं पाहू."

शिलानं वैष्णवीकडं पाहिलं. वैष्णवी मोबाइलच्या काचेवरचा डाग ओढणीनं पुसत होती. "आई, लगीन होईपर्यंतच की गं. मग फिर ना तुला पायजे तेवढं."

विश्वंभरचं बोलणं तिला नवं नव्हतं. हे नवं होतं.

सायकलला कुलूप लागलं. किल्ली द्वारकाबाईनं पदराच्या टोकाला बांधली. लग्नाच्या बैठकीच्या दिवशी, चैत्राच्या रणरणत्या दुपारी, तिनं शिलाला आतल्या खोलीत घेतलं आणि कडी लावली. खाटेवर दोन जाड परकर, एक टॉवेल आणि फाडलेल्या सोलापुरी चादरीचा पट्टा काढून ठेवलेला होता.

"हे काय?"

"हात वर कर."

"आत्याबाई, मी काय बुजगावणं हाय का?"

"पोरीचं सोनं व्हायचं का न्हाई? हात वर कर."

सासूनं तिच्या पोटावर टॉवेल गुंडाळला, त्यावर चादरीचा पट्टा आवळला, त्यावर दोन्ही परकर. तिच्या बोटांना लसणाचा वास येत होता. शिलाचं अंग असं इतक्या निगुतीनं या घरात कुणी कधी हाताळलं नव्हतं, बाळंतपणातसुद्धा नाही. आरशात जुनी शिला उभी राहिली होती, मानेखालची. मान तेवढी नव्या बाईची. घाम पाठीवरून निघून टॉवेलात मुरत होता आणि ओल्या कापडाचा आंबूस वास तिच्याच नाकात येत होता.

बायका सतरंजीवर बसल्या. पाहुण्यांकडून हरीशची आत्या मंजुळाबाई आली होती. तिनं पेढा तोंडात टाकला आणि त्याच चिकट बोटांनी शिलाचा दंड चिमटीत धरला. जरा दाबला. सोडून पुन्हा दाबला.

"पोटानं हाय भरलेली," ती शेजारणीला म्हणाली, शिला तिथं नसल्यासारखी. "पण दंडात काही न्हाई. शुगर हाय का हो तुमाला?"

"न्हाई."

"टीबी-बिबी?"

"न्हाई."

"मग आटल्या काहून?"

ओसरीवरून विश्वंभर मोठ्यानं म्हणाला, "उपास हो! देवीचे उपास धरले होते पोरीच्या लग्नासाठी. लई कडक. आता सोडले. आता बघा दोन महिन्यांत कशी होती!"

सगळे हसले. उकंडराव म्हणाले, "बराबर हाय. इहीन कशी, गाडीत बसली की गाडी भरली पायजे."

पुन्हा हसू. शिलाच्या दंडावर पेढ्याचा तुकडा तसाच चिकटलेला होता आणि तो झटकायला हात उचलावा तर पट्टा सुटेल म्हणून ती बसून राहिली. लग्न ठरलं. कुंकू लावलं गेलं, सुपारी फुटली. पाहुणे गेल्यावर तिनं आत जाऊन ते ओलं गाठोडं सोडलं आणि द्वारकाबाईच्या अंथरुणावर टाकलं.

त्यानंतरही ती ऑटोनंच जात राहिली. पंधरवड्यात गुडघे कुरकुरायला लागले. मग एक दिवस गाणं संपलं, लेकरं उठली, आणि शिला उठेचना. जिवनबाई न बोलावता आली. काखेत हात घातला, आणि नजर दुसरीकडं ठेवून तिला वर ओढलं. ते नजर फिरवणं शिलाला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल थंड होती. शिला खाटेवर पाय लांब करून बसली होती.

"च्या?" विश्वंभरनं विचारलं.

"करा की कुणीतरी. मला वाटीभर तूप पण आणा पोळीसोबत."

"अंगात आलं का?" द्वारकाबाई म्हणाली.

"पाव्हण्यांना शब्द दिला ना आत्याबाई, दोन महिन्यांत भरलेली दिसंल म्हणून? राबून राबून कुठं मांस चढतं? बसूनच खावं लागंल." मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "आन् तुमी मला गाडीवर सोडायचं. गाडी भरणाऱ्या इहिनीला ऑटोत कोंबलेलं बरं दिसतं का?"

विश्वंभर ओरडला. द्वारकाबाईनं तिच्या माहेरचा उद्धार केला. वैष्णवी म्हणाली, "आई, तमाशा नको." शिला जागची हलली नाही. भाकरी द्वारकाबाई थापू लागली आणि कडा फाटल्या की पिठावर राग काढू लागली. धुणं वैष्णवीकडं आलं. तिनं पहिल्याच दिवशी बापाच्या पांढऱ्या सदऱ्याला निळा डाग पाडला. विश्वंभर सकाळी बायकोला वाडीत सोडायचा, दुपारी आणायला जायचा; तो आडतीवर उशिरा पोचायचा आणि मालकाच्या शिव्या खायचा. पारावरचे विचारायचे, "विश्वंभर, नवी ड्युटी लागली का?"

घरात कुणी एकदाही विचारलं नाही की तुझे गुडघे कसे आहेत. भांडी कोण घासणार, एवढंच विचारत होते. शिला त्यांच्या तोंडांकडं बघत तुपातला घास गिळायची. तूप चांगलं होतं. तिला ते खरकट्यासारखं लागायचं.

शेवटी एका सकाळी द्वारकाबाईनं पदराची गाठ सोडली आणि किल्ली खाटेवर आपटली.

"जाय बाई, फिर तुझी सायकल. पण आधी कणीक मळ. माझी कंबर गेली."

शिलानं कणीक मळली. सासूची कंबर गेली म्हणून आपल्याला चाकं मिळाली, हे तिला पिठात हात घातल्याबरोबर कळलं आणि तिनं कणकेचा गोळा परातीत आदळला. आनंद काही झाला नाही. पोळ्या झाल्या, डबे भरले, आणि तिनं सायकल बाहेर काढली.

विश्वंभर दारात आडवा आला. हळू आवाजात म्हणाला, "कॅनॉलच्या वाटेनं जाय. रोडनं उकंडरावाकडची माणसं येऊन-जाऊन राहतात. कुणी पाहिलं तर?"

"कॅनॉलवर बाभळीचे काटे हायेत."

"मग लगीन होईपर्यंत उतरून ढकलत जाय तेवढ्यापुरती. काय तकलीफ हाय?"

शिलानं त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या मिशीला तिनंच केलेल्या चहाची साय लागलेली होती.

"माझा कोणता गुडघा जास्त दुखतो, सांगा."

"आता हे काय काढलंस?"

"सांगा. डावा का उजवा? बराबर सांगितलं तर जाते कॅनॉलनं."

विश्वंभरनं तिच्या दोन्ही पायांकडं आळीपाळीनं पाहिलं, मग मदतीसाठी आईकडं पाहिलं. द्वारकाबाई ओट्यावर कंबर चोळत बसली होती. वैष्णवी आतून आली आणि आईच्या पायांकडं बघायला लागली.

शिलानं साडी आवरून पायडलवर पाय ठेवला, आणि सायकल रोडकडं वळवली.