रेकॉर्डखोलीतली मांजर आणि पंख्याची दोरी

बुलढाण्याच्या कचेरीत मी चार वर्षं बिनपगारी उमेदवार होतो. उमेदवार म्हणजे काम सगळं करायचं आणि नाव कुठंच लागायचं नाही. माझं काम रेकॉर्डखोलीत. जिल्हाभरातल्या गावांचे कागद लाल कापडात बांधून मांडणीवर रचलेले असत, त्यांना आम्ही बस्ते म्हणायचो. त्या बस्त्यांवर उंदीर असे पोसले होते की एक तर मी माझ्या डोळ्यांनी कोट घातलेला पाहिला. मोताळ्याकडचं एक आख्खं गाव त्यांनी हद्दीसकट खाल्लं, आणि तिथले लोक आपण नेमके कुठं राहतो हे विचारायला कचेरीत आले.

म्हणून मांजर आणली. याआधीच्या तीन मांजरी खाटकांच्या आळीचा वास लागून गेल्या त्या गेल्याच. त्यामुळं रेकॉर्डकीपरनं बजावलं, ‘हिले बाहेर जाऊ द्याचं नाही. दार लोटलेलं, खिडकीले जाळी.’ रेकॉर्डकीपर म्हणजे माझा वरचा माणूस. चष्मा कपाळावर ठेवून दिवसभर चष्मा शोधणारा.

मांजरीनं एका महिन्यात उंदीर संपवले. शेवटचे दोन तर म्हणे स्वतःहून राजीनामा देऊन गेले. आणि मग तिला करायला काही उरलं नाही. बंद खोलीतली रिकामी मांजर काय करते हे ज्यानं पाहिलं नाही त्यानं माझ्याशी वाद घालू नये. ही बस्त्यांच्या गाठी सोडायला लागली. दातानं फीत ओढायची, कापड उलगडायची आणि अमडापूरचे कागद चिखलीच्या कागदांत मिसळून वर झोपायची.

रेकॉर्डकीपर म्हणाला, ‘हे पाह्य, हिवाळ्यात नागपूरचे साहेब तपासणीले येतात. बस्ते जागच्या जागी दिसले तर तुह्यं नाव कायम करासाठी धाडतो. नाही दिसले तर तू आपला घरी जाय.’

म्हणजे माझी नोकरी मांजरीच्या करमणुकीवर येऊन ठेपली. मी हसलो. माझ्याएवढा करमणूक करणारा माणूस वऱ्हाडात तेव्हा दुसरा नव्हता.

आधी कागदाचा बोळा दिला. तिनं त्याच्याकडं हाकिमानं बिनतिकिटाच्या अर्जाकडं पाहावं तसं पाहिलं. भोवरा फिरवला, तो पडेपर्यंत तिनं वाट पाहिली आणि त्याच्यावर बसली. सरकी भरलेला चेंडू शिवला, तर तिनं तो फाडला आणि पुढं आठ दिवस मी फायलींतून सरकी वेचत होतो. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मांजरीला वस्तू नकोच असते, वस्तूचं पळणं हवं असतं. आणि ते पळणंही सरळ नको. लपलं पाहिजे, थांबलं पाहिजे, मधूनच तिच्या पंजात सापडलं पाहिजे, नाहीतर ती रुसते.

आता दिवसभर हे पळवणार कोण? मी वर पाहिलं. आमच्या शेजारच्या कोर्टाच्या खोलीत झालरीचा मोठा पंखा टांगलेला. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून आमच्या छताखालून जायची आणि पलीकडच्या भोकातून मागच्या व्हरांड्यात. तिथं एक म्हातारे चाचा बसून ती ओढायचे. मी त्या दोरीला सुतळी बांधली, सुतळी खिडकीच्या कडीतून खाली घेतली आणि टोकाला मोरपीस लावलं. चाचांनी दोरी ओढली की पीस कपाटाखाली गडप, सैल सोडली की बाहेर.

मांजर वेडी झाली. आणि खरी करामत चाचांच्या डुलकीत होती. त्यांना पेंग आली की पीस निपचित. मांजर पोट जमिनीला लावून सरकत यायची, आता झडप घालणार, तेवढ्यात चाचा दचकून जागे व्हायचे आणि पीस उडायचं!

‘चाचा, झोपत जा बरं मधून मधून,’ मी त्यांना सांगितलं.

‘काऊन बे? चाळीस साल झाले, झोपलो म्हून शिव्या खाऊन राह्यलो. अन तू झोप म्हणतं?’

उन्हाळाभर एकही गाठ सुटली नाही. मी मिशीला तूप लावून हिंडत होतो. फक्त एक गोष्ट माझ्यासारख्या हुशार माणसाच्या ध्यानात आली नव्हती. पंखा उन्हाळ्यात असतो आणि साहेब हिवाळ्यात येतात.

थंडी पडली, पंखा उतरवला, दोरी गुंडाळली. मांजर दोन दिवस कपाटाखाली डोकावत बसली. तिसऱ्या दिवशी अकरा बस्ते सुटले. आणि चौथ्या दिवशी टपाल आलं की साहेब सोमवारी येताहेत.

रविवारभर बसून मी बस्ते लावले. मग दोरी परत ओवली. पण पंखाच नाही, तर ओढलेली दोरी मागं जाणार कशी? मी कोर्टाच्या खोलीत पंख्याच्या जागी दोरीला एक वीट टांगली. चाचा घोंगडं पांघरून व्हरांड्यात बसले आणि बर्फासारख्या थंडीत नसलेला पंखा ओढायला लागले.

सोमवारी साहेब आले. गरम कोट, फेटा, हातात छडी. मला वाटलं होतं थेट रेकॉर्डखोलीत येतील. ते कोर्टाच्या खोलीत बसले. त्यांच्यासमोर, हाकिमाच्या टेबलाच्या वर अधांतरी, एक वीट संथपणे वर जात होती आणि खाली येत होती.

बराच वेळ त्यांनी पाहिलं. मग विचारलं, ‘हे काय होय?’

रेकॉर्डकीपरनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, वीट पाहिली आणि चष्मा परत वर ढकलला.

माझ्याकडं चार थापा तयार होत्या, एकाहून एक सरस. पण खरं काय ते या चारींपेक्षा मोठी थाप वाटत होतं, म्हणून मी तेच सांगितलं. ‘साहेब, मांजरीसाठी आहे.’

ते दोरीच्या मागं मागं रेकॉर्डखोलीत आले. मांजर पिसाशी झुंजत होती. बस्ते पलटणीसारखे उभे.

‘अन दोरी नाही ओढली तं?’

‘बस्ते सोडते, साहेब.’

‘थांबवा.’

मी भोकातून ओरडलो, ‘चाचा, थांबा!’ पीस थांबलं. मांजरीनं ते हुंगलं, पंजानं ढोसलं, साहेबांकडं एकदा पाहिलं आणि मांडणीवर चढली. मोताळ्याच्या बस्त्याची गाठ दातात धरून तिनं अशा सफाईनं ओढली की वकिलानं साक्षीदार पढवून आणावा तर असा.

‘ओढा!’ साहेबच ओरडले. ‘अरे ओढा लवकर!’

पीस उडालं, मांजर गाठ टाकून खाली झेपावली. साहेबांनी मला एका गावाचा जुना नकाशा मागितला. मी तो इतक्या चटकन काढला की त्यांचा प्रश्न अजून तोंडातच होता. त्यांनी आणखी तीन कागद मागितले, तेही निघाले. मग ते व्हरांड्यात गेले आणि चाचांच्या हातातली दोरी घेऊन त्यांनी स्वतः ओढून पाहिली.

‘असं नाही, साहेब,’ चाचा म्हणाले. ‘जरासं झोपा लागते मधात.’

महिन्याभरात नागपूरहून कागद आला. मी कायम झालो. चाचांची दोरी बारमाही झाली. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘रेकॉर्डच्या सुरक्षिततेसाठी’. मला खुर्चीही मिळाली. ती खोलीत आणून ठेवली आणि मी हजेरीपटावर सही करायला दौत शोधतोय तोवर मांजर तिच्यावर बसली. मी स्टुलावर बसून सही केली.