कंट्रोल ग्रुपची पंगत

आमच्या परळच्या पशुवैद्यक लॅबमध्ये सॅम्पलपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. फ्रीजर निदान वर्षातून एकदा साफ होतो! मी इथला टेक्निशियन. दुधातलं प्रोटीन मोजायचं हे माझं काम, गप्पा मारायच्या ही माझी सवय.

तर आमची प्रज्ञा, लालबागची. पीएचडीचा विषय: हॉर्मोन आणि खुराक मिळून म्हशीच्या दुधातलं प्रोटीन कसं वाढवतात. तिच्या गाइड, सावंत मॅडम, मे महिन्यात रिटायर होणार. त्याआधी थीसिस गेला नाही, तर नवा गाइड, नवा विषय आणि चार वर्षं पाण्यात. पोरगी कायम टेन्शनमध्ये.

* * *

मॅडम शिकवतात झकास. "कास म्हणजे गिरणी. अमिनो आम्लं म्हणजे सूत, प्रोटीन म्हणजे कापड. इन्सुलिन, प्रोलॅक्टिन हे हॉर्मोन म्हणजे मुकादम. सूत नसेल तर मुकादमाने कितीही बोंब मारू दे, माग बंद!"

गोठा सांभाळणारे तात्या दारात उभे होते. मूळचे मालवणचे, वडील गिरणीत. म्हणाले, "नि संप झालो तर?"

मॅडम थंडपणे म्हणाल्या, "त्याला कासेची सूज म्हणतात."

* * *

गणपतीला तात्या गावी गेले आणि चंद्री म्हैस पान्हाच सोडेना. प्रज्ञाने त्यांना फोन लावला, स्पीकर चंद्रीच्या कानाशी धरला. मागे आरती चाललेली, त्यात तात्या ओरडले, "चंद्रे, बायो, सोड गो!"

चंद्रीने कान हलवला आणि बादलीत धार सुरू!

मॅडम म्हणाल्या, "पान्ह्याच्या हॉर्मोनला, ऑक्सिटोसिनला, रेंज मिळाली."

* * *

शीवहून प्रज्ञाला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आईने विचारलं, काय शिकतेस? हिने सांगितलं, "इन्सुलिनचा म्हशीवर परिणाम."

"अगंबाई! म्हशीला शुगर आहे?"

ते स्थळ तिथेच बारगळलं.

* * *

मग खरा घोटाळा झाला. सहा म्हशींच्या खुराकात जादा अमिनो आम्लं, बाकी सहांना तुलनेसाठी साधा खुराक, हा कंट्रोल ग्रुप. दोन महिन्यांनी मी मोजलं तर बाराही जणींचं प्रोटीन सारखंच वाढलेलं! तीनदा मोजलं, मशीनला शिव्या घातल्या. प्रज्ञा रडायलाच लागली. मलाही फार वाईट वाटलं.

दोघं गोठ्यात गेलो. तात्या अमिनो आम्लांच्या त्या खास पोत्यातून बाराही जणींना वाढत होते.

"तात्या! हे काय?"

"अगो, पंगतीत एकाक वाढूचा नि बाजूच्याचा पान रिकामा? ह्यो पंक्तिप्रपंच माझ्याच्यान जमाचो नाय!"

प्रज्ञा डोकं धरून बसली. दिवस मोजकेच उरलेले. मग एकदम उठली. "तात्या, दोन पंगती करू. महिनाभर ह्या सहा जणी, मग त्या सहा. चालेल?"

"मगे आधी सांगूचा नाय!"

* * *

मे उजाडायच्या आत थीसिस गेला एकदाचा. व्हायव्हाला बाहेरगावचे परीक्षक, कपाळावर आठ्या. पहिलाच प्रश्न: "गट मध्येच का बदलले? साधा कंट्रोल ग्रुप का नाही ठेवला?"

प्रज्ञाने मॅडमकडे बघितलं. मॅडम पंख्याकडे बघायला लागल्या. शेवटी ही बोलली, "सर, आमच्या तात्यांना पंक्तिप्रपंच चालत नाही."

"म्हणजे?"

तेवढ्यात तात्या चहा घेऊन आत आले. सरांना दिला, मॅडमना दिला, तिसरा कप फळ्यापाशी उभ्या प्रज्ञाच्या हातात.

सर म्हणाले, "अहो, व्हायव्हा चालू असताना कॅन्डिडेटला चहा नसतो."

तात्यांनी सरांच्या पुढ्यातला कप शांतपणे उचलून परत ट्रेमध्ये ठेवला. "मगे तुमकाव मागसून."

सरांनी तात्यांकडे बघितलं. मग थीसिस उघडला, आकड्यांच्या तक्त्याचं पान काढलं, सहा आणि सहा बघितलं. थीसिस मिटला.

"चहा घ्या, डॉक्टर. म्हणजे मलाही मिळेल."