टाळीची जागा

"हे गृहस्थ सारखे थांबतात का?" हेडफोन आपटून दिग्दर्शक ओरडत होता, आणि हडपसरच्या त्या गोदामात उभारलेल्या दिवाणखान्यात अण्णा उभे होते — नजर किंचित वर, जणू समोर नाट्यगृहाची बाल्कनी आहे.

हा किस्सा तुम्ही माझ्याकडून ऐकला असेल. मी तो रंगवून सांगतो — दिग्दर्शक म्हणजे कालचं पोर, नाटकातलं ओ की ठो कळत नव्हतं, वगैरे. लोक खुर्चीवरून पडेपर्यंत हसतात. पण त्यातला एक तुकडा मी दर वेळी गाळतो. बायकोलासुद्धा तो ठाऊक नाही.

आमचं जुनं नाटक टीव्हीसाठी दीड तासात बसवलं ते मीच. अण्णा त्यात काळ्या कोटातले वडील, पस्तीस वर्षं. मी त्यांचा कारकून — तेवढीच वर्षं फायली घेऊन आत-बाहेर. वडिलांनी मुलाला घराबाहेर काढलं की अशी टाळी पडायची, की छपराचे पत्रे उडायचे — नाही, उडायचे नाहीत. आज खरं सांगायचंय ना? टाळी पडायची, आणि ती ओसरेपर्यंत अण्णा थांबायचे. इतकंच.

त्यांचं काम कुठेच टिपलेलं नव्हतं. आता नातवंडं बघतील, म्हणून खूश होते.

आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, समोर प्रेक्षक नाहीत, तर थांबायचं का? दुसऱ्या कुणाला विचारायला संकोचले असतील. 'नको' एवढंच म्हणायचं होतं मला.

मी म्हणालो, "थांबा की, अण्णा. टाळ्या नंतर घालतात."

का म्हणालो? सवयीने थाप मारली? छे. ती भूमिका मला हवी होती — पाठ होती, श्वासांसकट.

दिग्दर्शकाने थांबायचं नाही म्हणून बजावलं, तेव्हा अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या कागदांत डोकं घातलं. मग त्यांची लयच गेली. पुढची वाक्यं आधी, आधीची विसरलेली. माझं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही. जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला, तर मी काय म्हणावं? — "वय झालंय हो त्यांचं." हळहळून म्हणालो. अभिनय बरा करतो मी.

आज जे चित्रण उरलंय, त्यात वडील मी आहे.

त्या संध्याकाळी स्कूटरवरून अण्णांना घरी सोडलं. दारात सांगितलं, की भूमिका मला दिलीय.

चप्पल काढत अण्णा म्हणाले, "तो काळा कोट तुला खांद्यात घट्ट होईल. आधीच उसवून घे."