चुंबकाच्या खोलीची किल्ली

नीलव्वा हूगार आमच्या विद्यापीठात तंत्रज्ञ होती, पण पहिल्यांदा भेटणाऱ्याला ही इथली मालकीणच वाटायची. रेणूंची रचना ओळखणारं, माणसाहून उंच असं चुंबकी यंत्र तिच्या हवाली होतं. त्याच्याभोवती जमिनीवर पिवळी रेघ आखलेली. रेघेच्या आत लोखंड न्यायचं नाही. किल्ल्या, घड्याळ, मोबाइल, केसांतला आकडा, सगळं बाहेर लाकडी परातीत काढून ठेवायचं. कुलगुरू आले, तेव्हा त्यांनाही तिने कमरेचा पट्टा काढायला लावला होता.

विद्यापीठाने सामायिक यंत्रांच्या निधीतून ते घेतलं, तेव्हाच अट होती की कुठल्याही विभागाच्या, कुठल्याही कॉलेजच्या माणसाला ते वापरता आलं पाहिजे. खोलीची किल्ली बाहेर व्हरांड्यात खिळ्याला टांगलेली असे. ज्याची पाळी, त्याने ती घ्यायची. मी लक्ष्मेश्वरच्या कॉलेजात रसायन शिकवायचो. माझी पोरं तपासायचे नमुने भरलेल्या काचेच्या नळ्या रुमालात गुंडाळून पहिल्या बसने यायची. नीलव्वा त्यांना आधी चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला घालायची, मग त्यांच्या चुका काढायची.

पुढे हिरेगौडर विभागप्रमुख झाले. बाहेरची पोरं यंत्र बिघडवतात म्हणत त्यांनी किल्ली खिळ्यावरून काढली आणि आपल्या जुडग्यात अडकवली. आठ महिने आमच्या नळ्या तशाच परत गेल्या. मला संताप यायचा, पण विनंतीपत्रं लिहिण्यापलीकडे मी काही केलं नाही, हे कबूल करतो.

मग निधीसाठी नवा अर्ज करायची वेळ आली. यंत्र थंड ठेवणारा हेलियम त्याच निधीतून यायचा. 'यंत्र सर्वांना खुले आहे' या वाक्याखाली तंत्रज्ञाची सही लागत असे. नीलव्वाने सही करायला साफ नकार दिला. हिरेगौडरांनी आधी गोडीने सांगितलं, मग बदलीची भीती घातली. हेलियमवाचून यंत्र मेलं तर पाप तुझ्या माथी, असंही म्हणाले. हे मात्र तिला लागलं. सोळा वर्षं तिने ते यंत्र जपलं होतं.

"येऊ दे माथी," ती मला म्हणाली. "खोटी सही करून जगवलं, तर ते त्यांच्या एकट्याचंच होऊन बसेल. माझ्या हातून ते होणार नाही, सर."

खंडेनवमीला, आयुधपूजेच्या सकाळी, निधी समितीच्या अध्यक्ष सुमंगला मॅडम तो बिनसहीचा अर्ज घेऊन मुद्दाम पाहणीला आल्या. पूजेला मीही आलो होतो. यंत्राची पूजा प्रमुखांनी करायची, अशी तिथली रीत. हिरेगौडर झेंडूचा जाडजूड हार घेऊन तडक आत निघाले. नीलव्वा रेघेवर आडवी उभी राहिली. ती फुलाऱ्याच्या घरची, हार ओवत वाढलेली. हाराला नुसतं चाचपून ती म्हणाली, "सर, हा तारेत ओवलाय. पुढे नेलात तर हातातून उडून चुंबकाला चिकटेल."

यंत्रावर हक्क सांगणाऱ्याला एवढंही ठाऊक नसावं, याची मलाच लाज वाटली. नीलव्वाने दोऱ्यात ओवलेला स्वतःचा हार त्यांच्या हातात दिला.

"आणि खिसे रिकामे करा," ती म्हणाली.

मॅडमच्या देखत त्यांना जुडगं परातीत टाकावंच लागलं. ते आत जाऊन पितळी आरती ओवाळू लागले. नीलव्वाने जुडगं उचललं, त्यातली एक किल्ली शांतपणे सोडवली, जुडगं पुन्हा परातीत ठेवलं आणि किल्ली व्हरांड्यात जाऊन खिळ्याला टांगली.

"नीलव्वा, ती किल्ली माझी आहे," हिरेगौडर आतून म्हणाले. कापूर जळत होता, त्यामुळे त्यांना बाहेर येता येईना.

"खोलीची आहे, सर." मग ती मॅडमकडे वळली. "अर्ज आणलाय ना? द्या, आता सही करते. पण ही किल्ली पुन्हा खिळ्यावरून गेली, तर सही खोडायला मी तुमच्या ऑफिसात येईन. हे माझी बदली करोत नाहीतर घरी बसवोत, मी येईन."

मॅडमनी अर्ज काढून दिला. नीलव्वाने तो कठड्यावर ठेवून सही केली.

हिरेगौडर बाहेर आले. परातीतलं जुडगं त्यांनी उचललं, तळहातावर तोललं आणि खिळ्याकडे पाहिलं. खिळ्याखाली नीलव्वा उभी होती.