बाहेरून पाणी

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी रायपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी वसंतराव ठोंबऱ्यांचे शरीर थंड केले आणि हृदय थांबवले. हृदयाजवळची फुगलेली महाधमनी बदलायची होती. बाहेर बाकावर त्यांच्या पत्नी नलिनीबाई बसल्या होत्या. भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये त्यांनी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवले. सोबत मी होतो, त्यांचा जुना विद्यार्थी आणि शेजारी.

बाई दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारत: हमिंगबर्ड आणि भिंतीवरचे मॉस, म्हणजे मखमली शेवाळ, यांची तुलना करा. दोघेही मेल्यासारखे होतात आणि परततात. तो इवलासा पक्षी रात्री उपाशी असतो, म्हणून अंग गार पडू देतो. पहाटे स्नायू थरथरवून स्वतःच ऊब आणतो. मॉस उन्हाळ्यात वाळते आणि पाण्याची वाट पाहते. बाई वर्गाला शाळेमागच्या भिंतीपाशी नेत आणि आपल्या बाटलीतले पाणी वाळलेल्या मॉसवर ओतत. मॉस डोळ्यांदेखत हिरवे होई. जास्वंदीतला मध पिणाऱ्या शिंजिर पक्ष्याला कोणी हमिंगबर्ड म्हटले, की त्या चिडत. "ते अमेरिकेत राहते, बाप्पा. चोच लांब झाली म्हणून कोणी विदेशी होत नाही."

घरातली वर्गवारी ठरलेली होती. शाळा, शिकवण्या, बाजार, दिवसभर स्कूटरवर असणाऱ्या बाई हमिंगबर्ड. स्टील प्लांटमधून कारकून म्हणून निवृत्त झालेले वसंतराव मॉस. बाई नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणत, "मी म्हटल्याशिवाय यायचं बोटही हालत नाही."

त्या दुपारी बाकावर बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "सांग, पाखरू कसं उठते?"

"आतूनच गरम होते."

"अन् मॉस?"

"त्याले बाहेरून पाणी लागते, बाई."

"डॉक्टर यायले मशीननं गरम करून राहिले. म्हणजे बाहेरूनच." बाई म्हणाल्या. "मंग जमते. या माणसाले सवय आहे."

संध्याकाळी सर्जन बाहेर आले. हृदय सुरू झाले होते. रक्त थांबले असताना मेंदूला इजा झाली का, हे मात्र शुद्धीवर आल्यावरच कळेल, असे त्यांनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी भूल उतरायची वेळ टळून गेली. नर्सने दोनदा हाका मारल्या, "अंकलजी, आँखें खोलिए." काही झाले नाही. बाई वाकल्या.

"अवो, उठा ना आता. किती लोळून राहिले?"

वसंतरावांनी डोळे उघडले. बाईंनी सांगितल्यावर उजव्या हाताची बोटे हलवली. मग डाव्याची.